प्लाझ्मा कटरची टिप लवकर का जाते: झिजलेले भाग आणि कॉम्प्रेसरची हवा तपासायचा योग्य क्रम

प्लाझ्मा कटरचा कट तिरका यायला लागला की आधी टिप, म्हणजे टॉर्चच्या टोकाचं बारीक भोकाचं तांब्याचं तोंड, बदलायची. जमलं नाही तर इलेक्ट्रोड बदलायचा. तरीही तेच, म्हणून रेग्युलेटर पिळून प्रेशर वाढवायचं, आणि शेवटी दुकानदाराला जाऊन सांगायचं की माल डुप्लिकेट निघाला. जळगाव, धुळे, शहादा, चाळीसगावकडच्या ट्रॉली आणि शेतीअवजारांच्या वर्कशॉपमध्ये सहसा हाच क्रम चालतो, आणि तो उलटा आहे. डुप्लिकेट माल बाजारात आहे, नाही असं नाही. पण दोन जोड्या लागोपाठ अर्ध्या दिवसात गेल्या, तर दोष बहुतेक वेळा टिपेच्या मागच्या हवेत असतो. हवा दुरुस्त न करता घातलेली तिसरी जोडीही तशीच जाणार.

खालची माहिती ३० ते ६० अँपिअरच्या, साध्या हवेवर चालणाऱ्या हातातल्या कटरसाठी आहे. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचा आकडा धरा.

तयारी

हे आधी हाताशी ठेवा:

- टिप, इलेक्ट्रोड आणि स्वर्ल रिंग (हवेला पीळ देणारी कडी) यांचा एक नवा कोरा संच. घालायला नाही, जुन्याशी ताडून बघायला.
- भिंग, व्हर्नियर, मिग वेल्डिंगच्या ०.८ मिमी वायरचा सरळ तुकडा.
- टी-जोडावर बसवलेला एक प्रेशर गेज, शून्य ते दहा बारचा.
- छोटा आरसा, पांढरा स्वच्छ कागद, साबणाचं पाणी, घड्याळ.
- मशीनचं पुस्तक. हरवलं असेल तर मागच्या पाटीवरून हवेची गरज लिहून घ्या: किती लिटर प्रतिमिनिट, किती बारवर.

सावधान: टॉर्चची कॅप उघडण्याआधी मशीन मेन स्विचवरून बंद करा. प्लाझ्माचं उघडं व्होल्टेज २०० ते ३०० व्होल्ट डीसी असतं, वेल्डिंग मशीनपेक्षा कितीतरी जास्त. ट्रिगरवर बोट नाही एवढ्यावर भागत नाही.

टप्पा १: काढलेले भाग फेकू नका, आधी बघा

झीज कुठे आणि कशी झाली यावरून कारण कळतं. म्हणून भाग फडक्याने पुसण्याआधीच भिंगाखाली धरा. पुसला की तेलाचा पुरावा गेला.

इलेक्ट्रोडपासून सुरुवात करा. तांब्याच्या टोकात मधोमध हाफ्नियम धातूचा बारीक ठिपका बसवलेला असतो. आर्क तिथून निघतो आणि प्रत्येक वेळी ट्रिगर दाबताना-सोडताना त्यातला थोडा धातू उडतो. म्हणजे इलेक्ट्रोडचं आयुष्य तासांवर ठरतं तसंच आर्क किती वेळा सुरू केला यावरही ठरतं. हातकटिंगमध्ये प्रत्यक्ष आर्कचे एक-दोन तास मिळाले तर ते ठीक समजावं. पत्र्याला शंभर भोकं पाडणाऱ्याला त्याहून कमी मिळतील, त्यात हवेचा दोष नाही.

- खड्डा गोल, मधोमध आणि सारखा: ही साधी झीज. मिग वायर खड्ड्यात टेकवा, काठापाशी नखाने धरा, व्हर्नियरने मोजा. दीड मिमीच्या आसपास गेला की इलेक्ट्रोड बदला. त्यापुढे चालवला तर हाफ्नियम संपून तांबं जळतं, आर्कला हिरवी झाक येते आणि जाता जाता तो टिपही घेऊन जातो.
- खड्डा एका बाजूला सरकलेला: हवा सारखी फिरत नाही. स्वर्ल रिंगचं एखादं भोक बुजलंय, रिंग तडकलीय किंवा इलेक्ट्रोड तिरका बसलाय.
- टोकाचं तांबं निळं-काळं पडलेलं, वितळल्यासारखं: हवा कमी पडली. टप्पा २ आणि ३.
- टोकाभोवती बारीक टोचे, चेहरा खडबडीत, खड्डा वेडावाकडा, आणि कापताना फटफट आवाज येत होता: पाणी. टप्पा ४.
- आतून तपकिरी चिकट थर किंवा काळी काजळी, स्वर्ल रिंगवरही तीच: तेल. टप्पा ५.

टिप उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघा आणि नव्या टिपेशी ताडा. भोक आतून सारखं मोठं झालं असेल तर वय झालं. बाहेरून लांबट किंवा खाच पडलेलं असेल तर आर्क टिपेच्या कडेवर उडत होता. हे चार कारणांनी होतं: टिप पत्र्याला घासली, करंट टिपेच्या क्षमतेपेक्षा जास्त ठेवला, हवा कमी होती, नाहीतर भोक पाडताना उडालेलं वितळलेलं लोखंड टिपेवर येऊन बसलं. शेवटचं कारण ओळखणं सोपं असतं, कारण बाहेरच्या तोंडावर लोखंडाचे थेंब चिकटलेले दिसतात.

स्वर्ल रिंगकडे कुणी बघतच नाही. तिची बारीक तिरकी भोकं हवेला पीळ देतात आणि त्या पिळामुळेच आर्क मधोमध राहतो. रिंग उजेडात धरून एकेक भोक तपासा. बुजलेलं भोक सुईने कोरू नका, मोठं होईल. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. तडा असेल तर बदला.

टप्पा २: प्रेशर वाहत्या हवेत मोजा

सर्वात जास्त फसवणूक इथे होते. हवा थांबलेली असताना गेज ६ बार दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. थांबलेल्या हवेचं प्रेशर बारीक नळीच्या टोकालाही पूर्णच दिसतं. खरी कसोटी हवा वाहताना लागते.

१. टी-जोडाचा गेज मशीनच्या मागच्या एअर इनलेटला लावा. कॉम्प्रेसरजवळचा गेज इथे कामाचा नाही.
२. मशीनवर हवा तपासण्याची टेस्ट स्थिती असेल तर ती चालू करा. नसेल तर ट्रिगर सोडल्यानंतर जी हवा वाहते, त्या वेळात वाचन घ्या.
३. १५ सेकंद हवा वाहू द्या. थांबलेलं आणि वाहतं, दोन्ही आकडे लिहा.

या वर्गातल्या पुष्कळ मशीनला वाहत्या हवेत साधारण ५ ते ६ बार लागतात. दोन आकड्यांत ०.७ बारपेक्षा जास्त फरक असेल तर वाट अडलेली आहे. नेहमीचे गुन्हेगार: आतून ६ मिमीचीच बारीक नळी, पाव इंची क्विक कपलर एकामागे एक तीन, तुंबलेला फिल्टर. नळीचा आतला व्यास किमान १० मिमी हवा. १५ मीटरपेक्षा लांब जायचं असेल तर १२ मिमी.

सावधान: वाट अडलेली असताना रेग्युलेटर पिळून आकडा गाठू नका. आणि गरजेपेक्षा जास्त प्रेशर म्हणजे जास्त चांगला कट, हाही गैरसमज आहे. जास्त प्रेशरला आर्क सुरू व्हायला नाटकं करतो आणि इलेक्ट्रोड भराभर खाल्ला जातो.

टप्पा ३: कॉम्प्रेसर पुरतो का, हे टाकी भरून ठरवा

पाटीवरचा सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट) बहुतेक वेळा पिस्टन किती जागा झाडतो त्याचा असतो. प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा त्याच्या ६५ ते ७५ टक्के धरा. जुना कॉम्प्रेसर, घासलेल्या रिंगा, कचरलेला व्हॉल्व्ह असेल तर त्याहून कमी. अंदाजापेक्षा मोजलेलं बरं:

१. टाकीचे लिटर पाटीवर असतात. बाहेरचा कॉक बंद करा.
२. कॉम्प्रेसर चालू करून ५ बारपासून ७ बारपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा.
३. लिटर गुणिले २, भागिले मिनिटं. हीच तुमची खरी हवा, लिटर प्रतिमिनिट.

उदाहरणार्थ, २०० लिटरच्या टाकीला १०५ सेकंद लागले. ४०० भागिले १.७५ म्हणजे सुमारे २२८ लिटर, म्हणजे ८ सीएफएम. मशीनला १८० लिटर लागत असतील तर हे जेमतेम आहे. कागदावर पुरतं, पण कॉम्प्रेसर जवळजवळ सतत चालतो, डोकं तापतं, आणि तापलेल्या डोक्यातून तेल आणि वाफ दोन्ही लाइनमध्ये जातात. गरजेच्या दीडपट हवा असेल तर पिस्टन कॉम्प्रेसरला थांबायला उसंत मिळते.

तपासा: टाकी भरा, कॉम्प्रेसर बंद करा, टाकीचा कॉक उघडा ठेवून लाइनला दहा मिनिटं तसंच राहू द्या. प्रेशर घसरलं तर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवा.

टप्पा ४: पाणी

जुलै-ऑगस्टमध्ये हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हीच हवा ७ बारला दाबली की तिची जागा आठव्या भागाइतकी होते, आणि ३५ अंशांपर्यंत गार झाल्यावर तिच्यात जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते. उरलेले १९ ग्रॅम पाणी होऊन खाली पडतात. मिनिटाला १८० लिटर ओढणाऱ्या मशीनच्या एका तासाच्या आर्कमागे हे २०० मिली होतं. एक भरलेला पेला पाणी टॉर्चपर्यंत जायला बघतंय, असं समजा.

मुख्य चूक फिल्टर नसणं ही नाही. फिल्टर असतो, पण चुकीच्या जागी. टाकीच्या तोंडाशी लावलेला वॉटर सेपरेटर फक्त थेंब पकडतो, वाफ नाही. टाकीतून ५५ अंशांनी निघालेल्या हवेत घनमीटरमागे १३ ग्रॅम पाणी वाफ होऊन आरामात त्यातून पार होतं. पुढे नळीत हवा गार होते, तेव्हा त्यातले ८ ग्रॅम थेंब बनतात. म्हणजे सेपरेटर ओलांडल्यावर.

लाइनची मांडणी या क्रमाने करा:

१. टाकीनंतर ८ ते १० मीटर धातूची पाइप, जीआय चालेल. भिंतीवर, सावलीत, हवा लागेल अशी. पत्र्याच्या छताखालून नको, मे महिन्यात तिथे गार होण्याऐवजी तापेल.
२. पाइपला मीटरमागे १ सेंमी उतार, टाकीपासून दूर जाणारा. शेवटच्या टोकाला खाली उतरणारा तुकडा आणि त्याला ड्रेन कॉक.
३. मशीनकडे जाणारी शाखा मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने काढा आणि वळवून खाली आणा. खालून काढली तर पाइपमधलं पाणी थेट तिच्यात उतरतं.
४. मग वॉटर सेपरेटर, ५ मायक्रॉन फिल्टर, तेलासाठी ०.०१ मायक्रॉनचा कोअलेसिंग फिल्टर, रेग्युलेटर, आणि मशीनपर्यंत लवचीक नळी.

सावधान: पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेला वापरू नका. आपल्याकडे ती गल्लोगल्ली मिळते, शेतातून उरलेले तुकडेही पडलेले असतात, आणि पाटीवर ६ किंवा १० किलोचं रेटिंग असतं. ते रेटिंग पाण्याचं आहे. पाण्याची पाइप फुटली तर चिरते. हवेची पीव्हीसी फुटली तर तिचे धारदार तुकडे गोळीसारखे उडतात, आणि उन्हाने-तेलाने ती आधीच ठिसूळ झालेली असते. पाइप स्वस्त पडली म्हणून डोळा गमावण्यात अर्थ नाही.

आता तपासणी. मशीन बंद करा, मागची नळी काढा, चष्मा घाला, आणि कॉक हळू उघडून हवा आरशावर १५ सेकंद सोडा. दव किंवा थेंब दिसले तर पाणी येतंय. ही तपासणी सकाळी गार लाइनवर एकदा आणि तासभर काम झाल्यावर एकदा करा. सकाळी कोरडी निघालेली हवा दुपारी ओली निघते, कारण तोपर्यंत टाकी तापलेली असते.

एवढं करूनही पावसाळ्यात आरसा ओला होत असेल तर ड्रायर लागतो. रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा सुमारे ३ अंशांच्या दवबिंदूपर्यंत (ज्या तापमानाला वाफेचे थेंब बनू लागतात) कोरडी करतो आणि हातकटिंगला ते पुष्कळ होतं. घेताना क्षमता कोणत्या तापमानाला दिलीय ते विचारा. बहुतेक आकडे ३५ ते ३८ अंशांच्या हवेसाठीचे असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शेडमध्येच ४४-४५ अंश असतात, तेव्हा तोच ड्रायर बराच कमी पुरतो. एक आकार मोठा घ्या. सिलिका जेलचा डबा त्याहून कोरडी हवा देतो, पण त्याच्या आधी तेलाचा फिल्टर हवाच. तेल लागलेलं जेल परत सुधारत नाही. फक्त पाण्याने भिजलेलं जेल ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतं.

टाकीचं पाणी रोज संध्याकाळी काढा, पावसाळ्यात दुपारीही. थोडं प्रेशर टाकीत ठेवून कॉक हळू उघडा. थंडीत पहाटे पारा बराच खाली येतो आणि रात्रभरात लाइनमध्ये पाणी साचून राहतं. अशा वेळी पहिल्या कटाआधी लाइनचं टोक उघडून फुंकून घ्या.

टप्पा ५: तेल

आरशाऐवजी पांढरा कागद धरून तीच तपासणी करा, या वेळी अर्धा मिनिट. कागद उन्हात ठेवा. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा राहतो.

डाग राहिला तर फिल्टर घेण्याआधी कॉम्प्रेसर बघा:

- तेलाची पातळी खिडकीच्या मधोमध हवी. वर भरलेलं तेल पिस्टन उडवतो आणि ते हवेबरोबर जातं.
- गाडीचं इंजिन ऑइल काढून कॉम्प्रेसर ऑइल भरा. इंजिन ऑइल पाण्यात मिसळून दुधाळ होतं आणि व्हॉल्व्हवर काजळी धरतं. पिस्टन कॉम्प्रेसरला सहसा आयएसओ व्हीजी १०० ही जाडीची ग्रेड चालते, पुस्तकात बघून घ्या.
- हवा आत घेणारा फिल्टर. हा तुंबला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि खालचं तेल रिंगांवरून वर येतं. दिवाळीनंतर जिनिंग जवळ असेल तर कापसाचे तंतू, उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ. त्या महिन्यांत आठवड्याला उघडून झटका. ग्राइंडिंगची ठिणगी जिथे पोहोचते तिथे कॉम्प्रेसर ठेवूच नका.
- हे सगळं बरोबर असून तेल येत असेल तर रिंगा गेल्या.

कोअलेसिंग फिल्टर लावताना बाण बघा. यात हवा आतून बाहेर जाते, साध्या धुळीच्या फिल्टरमध्ये बाहेरून आत. उलटा बसवलेला फिल्टर बाहेरून अगदी ठीक दिसतो आणि काहीच करत नाही. त्याचं एलिमेंट धुवून वापरता येत नाही. त्याच्या अलीकडे-पलीकडे ०.५ बारचा फरक पडला किंवा सहा महिने झाले की बदला. पारदर्शक वाटी थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नका. पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि ती दाबाखाली फुटते. साबणाचं पाणी पुरे.

टप्पा ६: नवा संच बसवणं

हवा ठीक झाल्यावरच नवे भाग उघडा. जुन्या ओल्या लाइनवर नवी टिप लावून ट्राय घेणं म्हणजे ती टिपही घालवणं.

१. टॉर्चचं डोकं आतून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. टेफ्लॉन टेपचे तुकडे सापडले तर समजा की कुणीतरी हवेच्या जोडावर पहिल्या आट्यापासून टेप गुंडाळलीय. पहिला आटा उघडा ठेवायचा असतो.
२. ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा फक्त चकाकेल इतका पातळ हात. स्वर्ल रिंगवर, इलेक्ट्रोडवर, आट्यांवर काहीही नाही.
३. ज्या टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड हवेने मागे सरकतो, तिथे बोटाने दाबून बघा. अडखळता परत आला तर आत काजळी आहे.
४. टिप आणि इलेक्ट्रोड एकत्र बदला. खोल खड्ड्याच्या इलेक्ट्रोडवर नवी टिप पहिल्या काही कटांतच बिघडते.
५. कॅप हाताने घट्ट करा. पाना लावला तर रिंग तडकते, सैल राहिली तर हवा गळते आणि भाग तापतात.

तपासा: टिपेवर कोरलेले अँपिअर किंवा भोकाचा आकार, आणि मशीनवर लावलेला करंट. ४० अँपिअरच्या टिपेवर ६० चालवणं हे टिप जाण्याचं सर्वात साधं आणि सर्वात दुर्लक्षित कारण आहे.

टप्पा ७: अर्थ क्लॅम्प आणि हात

क्लॅम्प कापायच्या पत्र्यालाच लावा, टेबलाला नाही. रंग, गंज, मिलस्केल (नव्या लोखंडावरचा काळा थर) घासून चकचकीत लोखंडावर. अर्थ कच्चा असला की आर्क पत्र्याकडे नीट जात नाही, टिप आणि इलेक्ट्रोडमध्येच रेंगाळतो आणि टिप आतून खातो.

भोक पाडताना टॉर्च सरळ टेकवू नका. साधारण ३० अंश तिरकी धरून आर्क सुरू करा, वितळलेलं लोखंड एका बाजूला उडू द्या, मग हळू सरळ करा. मशीन जितकी जाडी कापते, त्याच्या निम्म्या जाडीपर्यंतच मधून भोक पाडा. त्यापुढे कडेवरून सुरुवात करा. कापताना ठिणग्या पत्र्याखाली १५ ते ३० अंश मागे झुकलेल्या दिसल्या तर वेग बरोबर. वर उडत असतील तर आर्क पार जात नाही, लगेच थांबा, नाहीतर तेच लोखंड टिपेवर येतं. शिल्ड (टिपेवरचं संरक्षक टोपण) नसलेली टिप पत्र्यावर घासत ओढू नका, २ ते ३ मिमी वर ठेवा. हवेत ट्रिगर दाबून आर्क निघतो का ते दाखवायची सवय मोडा, प्रत्येक वेळी हाफ्नियम जातो.

कट संपला की टॉर्चमधून काही सेकंद हवा वाहत राहते. ती टिप गार करायला आहे. वीज किंवा हवा तेव्हा बंद करू नका.

सावधान: गॅल्व्हनाइज्ड पत्रा बंद शेडमध्ये कापू नका, जस्ताचा धूर ताप आणतो. डिझेल-केमिकलचे बंद ड्रम प्लाझ्माखाली घेऊच नका. काच ८ नंबरची वापरा, उन्हाचा गॉगल चालत नाही.

हे सगळं बरोबर असूनही टिप जात असेल तर

टॉर्चची केबल साबणाच्या पाण्याने टोकापासून टोकापर्यंत तपासा. मशीनपाशी आणि हँडलपाशी ती वाकून वाकून चिरते. मग भार असताना येणारं व्होल्टेज मोजा. गावाकडे थ्री फेजचं ४१५ कागदावर असतं आणि शेजारी पंप चालू झाले की ते घसरतं, आर्क मधेच तुटतो आणि पुन्हा पुन्हा सुरू करावा लागतो. शेवटी मशीनचं झाकण काढून आतला छोटा फिल्टर बघा. तो असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि आधीच्या ओल्या हवेने तो गंजाच्या चिखलाने भरलेला सापडतो. उघडण्याआधी प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा, आत कपॅसिटर चार्ज धरून असतात.